शेपूट आल्याशिवाय चहा नाही

भट्टीतून ब्रेडचा शेवटचा ट्रे ओढत असतानाच फोन आला. फौजीकाका गेले. पहाटे, झोपेत, कुणाला काडीचा त्रास न देता. बेकरीवालीच्या हातात जाड मोजे होते, ते काढायचंही तिला सुचलं नाही. तसाच हात तिनं तोंडावर धरला आणि नाकापासून कपाळापर्यंत पीठच पीठ झालं.

"कोण गेलं गं?" नवऱ्यानं काउंटरवरून विचारलं.

"काका गेले."

"कुठले काका? तुझ्या माहेरचे?"

"अहो, माझे काका! माझ्या मागचे!"

मग त्याला कळलं. त्यानं गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी दिली, शटर अर्ध्यावर ओढलं आणि तिच्यासाठी स्टूल आणलं. वर पाणीही आणलं. एरवी या माणसाला स्वतःच्या दुकानात ग्लास सापडत नाही.

आता 'माझ्या मागचे' म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्या शहरात एक सायकल क्लब होता. काका धरून सत्तावीस माणसं, हौशे, नवशे, गवशे सगळे. म्होरके होते दातांचे डॉक्टर. त्यांच्या मनगटावर दोन घड्याळं असायची, एक चुकलं तर दुसरं असावं म्हणून. क्लबचा नियम एकच, पण अगदी लोखंडी. सगळ्यांच्या शेवटी एक जण राहायचा, दंडाला पिवळा पट्टा बांधून. त्याला म्हणायचं शेपूट. शेपटानं कुणाच्या पुढे जायचं नाही आणि शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही. कुणाची चेन उतरली, कुणाला धाप लागली, की शेपूट त्याच्यापाशी थांबणार. राइड संपली की डॉक्टर मागे वळून ओरडायचे, "शेपूट?" मागून आवाज यायचा, "आलं!" मगच चहा. एकदा अख्खा क्लब सव्वा तास कोरड्या घशानं उभा राहिला होता, पण थर्मासचं झाकण कुणी उघडलं नव्हतं.

सोळा वर्षं हे शेपूट म्हणजे फौजीकाका. वय चौऱ्याऐंशी, अंगानं काटकुळे, काळी जड सायकल, आणि तिचं मागचं मडगार्ड ढिलं. सारखं खडखड, खडखड. क्लबातला वेल्डर दर रविवारी म्हणायचा, "काका, एक स्क्रू आवळतो, दोन मिनिटांचं काम." काका म्हणायचे, "राहू दे रे. वाजतंय म्हणून पुढच्याला कळतं, मागे कुणीतरी आहे."

शेपूट का झाले, हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं, चहाचा कप हातात फिरवत. लढाईत माघार घेताना चाळीस जण एका रांगेत डोंगर उतरत होते. खाली येऊन मोजले तर एकोणचाळीस. शेवटचा गडी बुटाची नाडी बांधायला वाकला असणार. "शेवटच्याच्या मागे कुणी नव्हतं ना," काका म्हणाले, आणि कप विसळायला उठले. पुन्हा कुणी विचारलं नाही.

बेकरीवाली क्लबात आली ती नऊ वर्षांपूर्वी, गुडघ्यांचा व्यायाम म्हणून. पहिल्याच रविवारी सगळे भुर्रकन पुढे गेले आणि ही भर रस्त्यात लोहाराच्या भात्यासारखी फुसफुसत उभी. "जा हो तुम्ही," ती मागच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "मी आपली शेवटची."

"तू शेवटची कशी? शेवटचा मी," काका म्हणाले. "माझी जागा घेऊ नकोस, पोरी. चल, पुढचा खांब."

पुढचा खांब म्हणजे विजेचा. फक्त तिथवर जायचं. तो आला की त्याच्या पुढचा. तेव्हापासून नऊ वर्षं ती शेवटून दुसरी. शाळेतल्या धावण्यापासून जन्मभर शेवटची आलेली बाई ती. शेवटून दुसरी येण्यात काय चैन असते, ते तिला विचारावं! मागे मडगार्ड खडखडतंय, म्हणजे आपल्यामागे अजून कुणीतरी आहे. तिला बाकी काही लागायचं नाही.

आणि आता मागे कुणी नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी सगळा क्लब वेल्डरच्या वर्कशॉपमध्ये जमला. काकांची मुलगीही आली. औषधांचं दुकान चालवणारी, पंचावन्न-छप्पन्नची, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारी बाई. पाय दुमडून ती एका लोखंडी पेटीवर बसली.

"उद्या अकरा वाजता," ती म्हणाली, "वरच्या सैनिकी दफनभूमीत. छावणीतून बिगुलवाले येतायत. पण बारा वाजता त्यांना दुसरीकडे जायचंय, तेव्हा अकरा म्हणजे अकरा. उशीर झाला तर ते निघून जातील, तसं त्यांनी आधीच सांगितलंय." तिनं चष्मा खाली ओढला. "बाबांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. बिगुल वाजला पाहिजे. फुलंसुद्धा नकोत म्हणाले."

डॉक्टर उठले. भिंतीवर वेल्डर हिशेब लिहायचा तो काळा फळा होता. त्यावर त्यांनी खडूनं एक चौकोन काढला, त्याच्या मागे सव्वीस ठिपके. "ही शववाहिका. हे आपण. बावीस किलोमीटर. नऊला निघायचं. साडेएकोणीस सपाट, मग दोन किलोमीटरचा मोठा चढ, मग थोडंसं सरळ." खडू थांबला. ते बेकरीवालीकडे वळले. "आणि ताई, तुम्ही गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसा. मानाची जागा आहे."

"मानाची का सामानाची?" बेकरीवाली उसळली. "सरळ बोला ना डॉक्टर. मी हळू आहे, म्हणून मला अडगळीसारखं गाडीत टाकताय!"

"तसं नाही हो ताई..."

"तसंच आहे! नऊ वर्षं त्या माणसानं मला एकदाही गाडीत बसू दिलं नाही. आणि त्यांच्याच शेवटच्या दिवशी मी गाडीतून मिरवत जाऊ?"

डॉक्टरांचं चुकत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तेच तर झोंबत होतं. मोठ्या चढावर एक्केचाळीस खांब. एकोणिसाव्याला ती दर वेळी उतरायची, सत्ताविसाव्यापर्यंत सायकल हातात धरून चालायची, आणि तेहतिसाव्याला पुन्हा उतरायची. काकाही उतरायचे. शववाहिका थोडीच उतरणार होती? गाडी पुढे निघून जाणार, डॉक्टर आणि मंडळी तिच्यामागे, आणि ही धापा टाकत पोचेपर्यंत वर सगळं आटोपलेलं.

तिनं फळ्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग पुढे होऊन डॉक्टरांच्या हातातून खडू काढून घेतला.

"हे चुकलंय."

"काय चुकलं?"

"काकांना पुढे काढलंत तुम्ही. काका कधी कुणाच्या पुढे गेलेत?" तिनं तळहातानं चौकोन पुसला आणि सगळ्या ठिपक्यांच्या शेवटी नवा काढला. "पिवळा पट्टा गाडीला बांधा. गाडी मागे. शेपटाच्या मागे कुणी नाही आणि शेपूट कुणाच्या पुढे नाही. नियम म्हणजे नियम!"

मग वेल्डरनं हातोडा ऐरणीवर दणकन आपटला. "वा ताई! तोडलंत!" आणि जो कल्ला झाला म्हणता! पोस्टमननं शिट्टी मारली, कुणी टेबल बडवलं, काकांची मुलगी हसता हसता रडायला लागली.

"ताई," गलका ओसरल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "गाडी शेवटी, म्हणजे तुमच्या मागे. तुमच्या चालीनं. तुम्हाला उशीर, तर काकांना उशीर."

हे बेकरीवालीच्या डोक्यातच आलं नव्हतं! बोलता बोलता आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. सव्वीस जणांचं सोडा, त्या म्हाताऱ्याची एकुलती एक मागणी आता तिच्या दोन गुडघ्यांवर येऊन बसली होती. अजूनही वेळ होती. 'बसते बाई गाडीत' म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. तिनं तोंड उघडलंही.

पण काकांची मुलगी आधी बोलली. "बाबा यांच्याच मागे जातील," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यांना तेच जमायचं."

बाई मनानं मोठी आहे, बेकरीवालीला वाटलं. आणि तिनं तोंड मिटून घेतलं.

रविवारी नवऱ्यानं भट्टी एकट्यानं सांभाळायचं कबूल केलं होतं. "दोन ट्रे जाळीन फार तर," तो म्हणाला. मग तिच्या सायकलच्या टायरमधली हवा अंगठ्यानं दाबून बघत, तिच्याकडे न पाहता, "चढशील तू." एवढंच. पण ती घरातून निघाली ती छाती फुगवून.

पावणेनऊला काकांच्या घरासमोर सव्वीस सायकली रांगेत होत्या. पांढरे शर्ट, इस्त्रीचे. चेनला तेल, घंट्या पुसून लख्ख. शवपेटी गाडीत ठेवली, तिच्यावर झेंडा. काकांची मुलगी पुढच्या सीटवर बसली. आणि गाडीच्या टपावर वेल्डरनं काकांची काळी सायकल दोरांनी घट्ट बांधली.

शववाहिकेचा ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्यावर तो हबकलाच.

"मागे? मी मागे? अहो, वीस वर्षं ही गाडी चालवतोय. लोक माझ्या मागे येतात!"

"आज तुम्ही आमच्या मागे," डॉक्टर म्हणाले.

"आणि स्पीड?"

सगळ्यांनी बेकरीवालीकडे पाहिलं. ड्रायव्हरनंही पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत. "ठीकाय," तो सुस्कारला. "माझ्या गिऱ्हाइकाला कधी घाई नसते. पण एक सांगून ठेवतो ताई, ही गाडी म्हातारी आहे. मोठ्या चढावर एकदा थांबली तर पुन्हा उचलत नाही. मागच्या वर्षी आठ जणांनी ढकलली होती."

झालं! म्हणजे आता उतरायचीही सोय नाही. बेकरीवालीनं पिवळा पट्टा गाडीच्या आरशाला बांधला, दोन गाठी मारल्या आणि देवाचं नाव घेऊन सायकलवर टांग टाकली.

आणि निघाले की हो! सव्वीस घंट्या एकदम वाजल्या. रस्त्यावरची माणसं थांबली, न्हाव्याच्या दुकानातून एक जण अर्ध्या दाढीनं बाहेर आला. पुढे सायकलींची पांढरी रांग, आणि सगळ्यांत मागे फुलाची एक पाकळी नसलेली शववाहिका, आरशाला फडफडणारा पिवळा पट्टा. उलटंच सगळं! एका बसवाल्यानं तर गाडी अडकली असं समजून सायकलवाल्यांना बाजूला व्हा म्हणून हात केला. डॉक्टरांनी त्याला असा डोळा दाखवला की त्यानं बसच बाजूला घेतली.

खडखड, खडखड.

टपावरच्या सायकलचं मडगार्ड! खड्डा आला की वाजत होतं, अगदी तसंच. बेकरीवालीनं मागे वळून पाहिलं नाही. नऊ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. आवाज आला की पाय मारायचे, एवढंच तिला माहीत. आणि पाय असे चालायला लागले की पुढच्या पोस्टमनला ती दोनदा म्हणाली, "सरका की जरा!"

वारा पाठीवर होता, रस्ता मोकळा होता, आणि सांगायला लाज वाटते, पण तिला आनंद होत होता. मयताला निघालोय आपण, असं ती स्वतःला दटावत होती, तरी होत होता. सगळ्यांनाच होत होता. वेल्डर मोठ्यानं काकांचे किस्से सांगत चालला होता, हसण्याची लाट पुढून मागे यायची आणि शेवटी शववाहिकेच्या खिडकीतून काकांच्या मुलीचं हसू ऐकू यायचं. डॉक्टर दर पाच मिनिटांनी ओरडत होते, "वेळेच्या पुढे! तीन मिनिटं पुढे! चार मिनिटं पुढे!"

आणि सोळाव्या किलोमीटरला फुस्स. पंक्चर. कुणाचं? डॉक्टरांचं! ज्यांनी सगळ्यांना आदल्या दिवशी टायर तपासायला लावले, त्यांचंच चाक बसलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

एकाला सोडून पुढे जायचं नाही, म्हणून सव्वीसच्या सव्वीस थांबले. शेपूटही थांबलं. वेल्डर रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब काढतोय, मागे शववाहिका इंडिकेटर लावून उभी, आणि ड्रायव्हर खिडकीतून सल्ले देतोय. पहिला पॅच धरला नाही. दुसरा धरला. डॉक्टर दोन घड्याळांकडे आळीपाळीनं बघत होते, जणू त्यातलं एखादं तरी दया दाखवेल. हवा भरून होईपर्यंत अठरा मिनिटं गेली.

चढाच्या पायथ्याशी आले तेव्हा दहा वाजून चौतीस मिनिटं झाली होती. डॉक्टर मागे आले, बेकरीवालीच्या शेजारून सायकल चालवायला लागले. त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता.

"ताई, तुम्हाला या चढाला तीस मिनिटं लागतात."

"माहीत्ये."

"आज बावीस आहेत. माझ्यामुळे."

"बोलण्यात घालवू नका मग," बेकरीवाली म्हणाली. "व्हा पुढे!"

एक. दोन. तीन. पहिले दहा खांब तिनं मोजले नाहीत, ते फुकटचे असतात. अकराव्याला दम वर आला. चौदाव्याला गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. मागे शववाहिका पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत होती आणि टपावरचं मडगार्ड वाजत होतं. पुढचे सगळे सुटे सुटे होऊन पुढे गेले होते. सतरा. अठरा. समोर एकोणिसावा खांब दिसला आणि तिचा डावा पाय सवयीनं जमिनीकडे निघाला. नऊ वर्षांची सवय ती! टाच रस्त्याला टेकणार तेवढ्यात मागून ड्रायव्हर किंचाळला.

"ताई! उतरू नका! काटा लालवर गेलाय, थांबलो तर मेलो!" आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण कोणाला घेऊन बसलोय, तर म्हणाला, "म्हणजे, माफ करा काका!"

तिला हसू फुटलं. चढावर हसणं म्हणजे मूर्खपणा, दम जातो. पण त्या हसण्याच्या नादात पाय पुन्हा पेडलवर गेला आणि एकोणिसावा खांब मागे पडला. जन्मात पहिल्यांदा!

वीस. एकवीस. बाविसाव्याला डोळ्यांपुढे काजवे. आता मात्र संपलं, तिला वाटलं. पाय दगड झालेत, छातीत भट्टी पेटलीय. काका असते तर उतरले असते आपल्याबरोबर. काका नाहीत. काका पेटीत आहेत. कुणाला फसवतेयस बाई तू, एक लोखंडाचा पत्रा वाजतोय मागे, दुसरं काही नाही.

"पुढचा खांब!"

तिनं दचकून हँडल घट्ट धरलं. काकांची मुलगी शववाहिकेच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली होती, चष्मा हातात, केस तोंडावर, आणि बापाच्याच आवाजाच्या पट्टीत ओरडत होती. "पुढचा खांब! फक्त पुढचा!"

रडायला दम लागतो, आणि बेकरीवालीचा सगळा दम पायांत गेला होता. म्हणून ती रडली नाही. तिनं पाय मारला.

तेविसाव्या खांबापाशी पोस्टमन उभा होता. "तेवीस!" तो ओरडला, आणि ती जवळ येताच टांग मारून पुढे पळाला, कारण तिच्या मागे राहायची मुभा नव्हती. चोविसाव्याला दुसरा. पंचविसाव्याला वेल्डर, हातातला पाना खांबावर ठणाठणा बडवत. अख्खा क्लब खांबाखांबावर पसरला होता! ती आली की माणूस पुढे पळायचा, पुन्हा पुढच्या मोकळ्या खांबाशी उभा. "तीस!" "एकतीस!" ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना. तेहतिसावा कधी गेला ते तिला कळलंच नाही. "अडतीस! ताई, अडतीस!" वरून डॉक्टरांचा आवाज येत होता, मिनिटं मोजणारा, आणि तो आवाज चक्क फाटला होता.

एक्केचाळीस.

वर आली तेव्हा तिला ना रस्ता दिसत होता ना माणसं. सायकल आपोआप सपाटीवर पळत होती आणि मागे ड्रायव्हर, ज्याच्या गिऱ्हाइकाला कधी घाई नसते, तो खिडकीतून मूठ उगारून बोंबलत होता, "चढली! माझी म्हातारी चढली!"

दफनभूमीच्या फाटकाशी छावणीचा अधिकारी घड्याळ बघत होता. बिगुलवाला बिगुल पिशवीत घालावा की नको, अशा बेतात. डॉक्टरांनी सायकल टाकली आणि दोन्ही मनगटं त्याच्यापुढे धरली. "अकराला दोन कमी! दोन्हीत!"

पेटी खाली उतरली तेव्हा बिगुल वाजला. लांब, स्वच्छ सूर, टेकडीवरून थेट खालच्या शहरापर्यंत गेला असावा. वेल्डरनं बेकरीवालीचा कोपर धरून ठेवला होता. सूर विरला. आता क्लबच्या वतीनं डॉक्टरांनी दोन शब्द बोलायचे होते, कागद त्यांच्या खिशात होता.

डॉक्टरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. सव्वीस माणसं, धुळीनं भरलेली, सायकली आडव्या टाकलेल्या, राइड संपलेली. आणि सोळा वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बाहेर पडली.

"शेपूट?"

म्हणून गेल्यावर त्यांना कळलं. त्यांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. अधिकारी चमकून बघायला लागला. खड्ड्याशेजारी उभ्या काकांच्या मुलीनं ओठ दाबून धरले. ती हाक तिथेच लोंबकळत राहिली, आणि कुणी तिला काही उत्तर देईना.

"आलं!"

आवाज बेकरीवालीचा होता. फाटका, चढानं सोलून निघालेला, पण दफनभूमीच्या शेवटच्या कुंपणापर्यंत पोचला. तिनं तो ठरवून दिला नव्हता. काकांना मारलेली हाक बिनउत्तराची राहावी हे तिला सहनच झालं नाही. मग सगळेच रडले, मोकळेपणानं, एकमेकांच्या खांद्यावर, आणि डॉक्टरांचा कागद खिशातच राहिला.

चहा झाला. थर्मासमधला, त्याच टेकडीवर. काकांची मुलगी आरशाचा पिवळा पट्टा सोडून घेऊन आली आणि बेकरीवालीच्या हातात दिला.

"अहो, मला कशाला? मी हळू आहे. काका माझ्यासाठी मागे राहायचे, म्हणून..."

"ऐका तर," मुलगी म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या डॉक्टरांनी बाबांची सायकल बंद केली होती. हृदय थकलंय म्हणाले. मी किती भांडले! तर म्हणतात कसे, 'माझ्यापुढे बेकरीवाली असते. तिच्यामागे कुठलाही म्हातारा पोचतो.'" ती हसली, मग तिचा आवाज ओला झाला. "ती एकोणिसाव्या खांबाला उतरते म्हणून मलाही उतरता येतं, म्हणायचे. तिनं सोडलं त्या दिवशी मीही सोडीन. तुम्ही ओढत होतात हो त्यांना. दोन वर्षं."

बेकरीवाली पट्टा हातात धरून उभी राहिली. ढेंगभर मागे ठेवणारे ते गुडघे, दर रविवारची ती लाज, 'जा हो तुम्ही' म्हणणं. आणि मागे तो म्हातारा, खडखड करत, तिच्याच भरवशावर! लबाड कुठला. तिला त्यांचा राग आला आणि इतकी माया आली की तिनं पट्टा तोंडावर दाबून धरला.

निघायची वेळ झाली. शववाहिका रिकामी परत जाणार होती. ड्रायव्हरनं दार उघडून धरलं, पण काकांची मुलगी आत बसेना. ती टपाकडे बघत होती.

"ती खाली काढता का?" तिनं वेल्डरला विचारलं.

काळी सायकल खाली आली. वेल्डरनं सवयीनं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, मडगार्डला हात लावला, आणि पुन्हा खिशात ठेवला. मुलगी सायकलवर चढली, हँडल दोन्हीकडे डगमगलं, एक पाय जमिनीवर, एक हवेत.

"तीस वर्षांत चालवली नाहीये," ती ओशाळून म्हणाली. "तुम्ही सगळे व्हा पुढे. मी आपली शेवटची येईन सावकाश."

बेकरीवालीनं पट्टा दंडाला गुंडाळला. दातांनी गाठ आवळली आणि सायकल वळवून तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"तुम्ही शेवटच्या कशा?" ती म्हणाली. "शेवटची मी. चला, पुढचा खांब."